हृदयरोगतज्ज्ञ : साडेअकरा वर्षांची वाट

■ एमबीबीएस : साडेचार वर्षे अभ्यास, १ वर्ष इंटर्नशिप.

■ एमडी : ३ वर्षे, मेडिसिन, बालरोग किंवा श्वसनरोग यांपैकी एक विषय.

■ नीट-एसएस : अतिविशेष अभ्यासक्रमांसाठीची देशपातळीवरील प्रवेशपरीक्षा.

■ डीएम किंवा डीआरएनबी (कार्डिओलॉजी) : आणखी ३ वर्षे. मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांत डीएमची सोय आहे.

■ शिकतात काय? : ओपीडी, आयसीसीयू, रात्रपाळ्या, इको, स्ट्रेस टेस्ट, कॅथलॅबमध्ये अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी, पेसमेकर. आधी ज्येष्ठांच्या हाताखाली, मग त्यांच्या देखरेखीत स्वतः.

■ गल्लत नको : बायपास करतात ते कार्डिॲक सर्जन. त्यांची वाट वेगळी. सहसा एमएस (जनरल सर्जरी) आणि त्यानंतर ३ वर्षांचे एमसीएच.