औषधाची मुदत आणि गोठ्यातील कोनाडा

बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुक व निरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात उसाच्या जोडीला संकरित गाई आल्या, तशी गोठ्याच्या कोनाड्यात औषधेही आली. निम्मी वापरलेली कुपी, सडात सोडावयाची ट्यूब ‘पुन्हा लागेल’ म्हणून तेथेच ठेवली जाते. गरज पडली की शेतकरी बंधू तारीख पाहतात व निर्धास्त होतात.

वेष्टनावरील मुदत महिना व वर्ष अशी छापलेली असते. नियमाप्रमाणे ती त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत धरावयाची. मात्र ही हमी बंद वेष्टनासाठी आणि त्यावर लिहिलेल्या तापमानासाठीच असते. ‘३० अंश सें.च्या खाली ठेवा’ असे लिहिलेले औषध मे महिन्यात पत्र्याखाली राहिले, तर छापील तारखेवर विसंबता येत नाही.

लाळ्या-खुरकुताची लस २ ते ८ अंश सें. तापमानात ठेवावी लागते. उन्हाने ती बिघडते, तशीच गोठल्यानेही निकामी होते. म्हणून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ती कधीही ठेवू नये. प्रतिजैविकाची कोरडी भुकटी बरेच दिवस टिकते. पाणी मिसळले की छापील तारीख संपली असे समजावे व पत्रकात दिलेली मुदतच पाळावी. घरातील माणसांच्या औषधांचेही तसेच आहे. क्षारसंजीवनीचे कालवलेले पाणी २४ तासांनंतर ओतून द्यावे.

तारीख उलटली की औषधाचे लगेच विष होते, असेही नाही. अमेरिकेने १९८६ पासून लष्करी साठ्यातील औषधे तपासली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार १२२ औषधांच्या सुमारे ८८ टक्के खेपांची मुदत वाढविता आली. पण ती बंद वेष्टनातील, नीट साठविलेली औषधे होती. आपल्या कोनाड्याला तो दाखला लागू पडत नाही. शिवाय बिघडलेल्या टेट्रासायक्लीनमुळे मूत्रपिंडास इजा झाल्याचे १९६३ मध्ये नोंदले गेले आहे.

गोठ्यात खरा धोका असतो तो जोर कमी झालेल्या औषधाचा. दगडी (कासदाह) झालेल्या गाईला असे प्रतिजैविक दिल्यास जंतू पुरते मरत नाहीत, उपचाराचे दोन-तीन दिवस वाया जातात आणि सड कायमचे बाद होऊ शकते. तेव्हा कुपी उघडताच तिच्यावर तारीख लिहावी. शिल्लक औषध वापरण्यापूर्वी पशुवैद्यकास दाखवावे. मुदतबाह्य औषधे कालव्यात, विहिरीत वा उकिरड्यावर टाकू नयेत. ती कोठे द्यावयाची हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.