राष्ट्रपतींवरील महाभियोग : न्यायनिवाडा की आकड्यांचा खेळ?

विशेष प्रतिनिधी

गोराईच्या खाडीपलीकडे उभ्या असलेल्या जागतिक विपश्यना पॅगोडाचे उद्‌घाटन ८ फेब्रुवारी २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. मुंबईच्या उपनगरांतील नागरिकांना राष्ट्रपतिपदाचे दर्शन घडते ते बहुधा अशाच समारंभांतून. प्रजासत्ताकदिनाचे संचलन, पद्म पुरस्कारांचे वितरण, संसदेच्या संयुक्त बैठकीपुढील अभिभाषण यांपलीकडे या पदाचा विचार फारसा होत नाही. मात्र या सर्वोच्च पदावरील व्यक्तीनेच राज्यघटनेचा भंग केला, तर तिला पदावरून कोण आणि कसे दूर करणार, याचाही विचार घटनाकारांनी करून ठेवला आहे. त्यासाठी त्यांनी योजलेला मार्ग म्हणजे महाभियोग.

हा शब्द मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला तो प्रामुख्याने अमेरिकेतील घडामोडींमुळे. बिल क्लिंटन आणि डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरील महाभियोगांच्या वेळी तेथील दोन्ही पक्ष कसे हमरीतुमरीवर आले, हे जगाने पाहिले. भारतात आजवर एकाही राष्ट्रपतीवर महाभियोग चालविण्यात आलेला नाही. परंतु महाभियोगाच्या प्रस्तावावर आपल्या संसदेतील पक्ष कसे वागतात, याचा अनुभव देशाने घेतलेला आहे. त्या अनुभवात मराठी माणसांचा वाटाही मोठा होता.

घटनेतील तरतूद

राज्यघटनेच्या कलम ६१ नुसार राष्ट्रपतींवर महाभियोग चालविण्याचे कारण एकच असू शकते, ते म्हणजे 'राज्यघटनेचा भंग'. या शब्दांची व्याख्या घटनेत दिलेली नाही. घटना समितीतील चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा शब्दप्रयोग पुरेसा व्यापक असून देशद्रोह, लाचखोरी यांसारखे गंभीर गुन्हेही त्यात येऊ शकतात, असे स्पष्ट केले होते.

दोषारोप लोकसभा किंवा राज्यसभा यांपैकी कोणत्याही सभागृहात मांडता येतो. त्यासाठी त्या सभागृहाच्या एकूण सदस्यांपैकी किमान एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्यांची लेखी नोटीस चौदा दिवस आधी द्यावी लागते. लोकसभेच्या ५४३ जागांचा विचार करता या सह्या १३६ होतात, तर २४५ सदस्यांच्या राज्यसभेत ६२. त्यानंतर प्रस्ताव एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश बहुमताने संमत व्हावा लागतो. म्हणजे लोकसभेत ३६२ आणि राज्यसभेत १६४ मते हवीत.

एका सभागृहाने आरोप ठेवला की दुसरे सभागृह त्याची चौकशी करते किंवा करवून घेते. या चौकशीत स्वतः उपस्थित राहण्याचा वा वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क राष्ट्रपतींना आहे. आरोप सिद्ध झाल्याचा ठराव दुसऱ्या सभागृहानेही तितक्याच बहुमताने संमत केला, तर त्याच दिवसापासून राष्ट्रपती पदमुक्त होतात. एरवी कलम ३६१ राष्ट्रपतींना न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण देते. पदावर असेपर्यंत त्यांच्यावर फौजदारी खटला चालत नाही. त्यामुळे विद्यमान राष्ट्रपतींना जाब विचारण्याचा घटनात्मक मार्ग संसदेतूनच जातो.

येथे गणिताचा एक बारकावा लक्षात घ्यावा लागेल. बहुमत उपस्थितांचे नव्हे, तर एकूण सदस्यसंख्येचे मोजायचे आहे. साहजिकच, गैरहजर राहिलेला किंवा तटस्थ बसलेला सदस्य प्रत्यक्षात राष्ट्रपतींच्याच पारड्यात वजन टाकत असतो. उघड विरोध करण्याची जोखीम न पत्करता प्रस्ताव पाडण्याची ही सोय आहे.

निवडणारे निराळे, हटविणारे निराळे

राष्ट्रपतींची निवड करणारे आणि त्यांना दूर करू शकणारे लोकप्रतिनिधी एकच नाहीत. बोरिवलीचा आमदार राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मतदान करतो. महाराष्ट्रातील आमदाराच्या एका मताचे मूल्य १७५ धरले जाते. महाभियोगात मात्र विधानसभांना कोणतेही स्थान नाही. याउलट राज्यसभेतील बारा नामनियुक्त सदस्यांना राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मताधिकार नसतो, पण महाभियोगाच्या ठरावावर ते मत देऊ शकतात. बोरिवलीच्या मतदाराचा महाभियोगाशी येणारा प्रत्यक्ष संबंध त्यामुळे उत्तर मुंबईच्या खासदारापुरताच उरतो.

दुसरा फरक मतदानाच्या पद्धतीचा. राष्ट्रपतींची निवडणूक गुप्त मतदानाने होते आणि तिच्यासाठी पक्षांना व्हीप बजावता येत नाही. म्हणूनच तेथे पक्षांच्या भिंती कधी कधी ओलांडल्या जातात. २००७ मध्ये राष्ट्रीय लोकशाही आघाडीत असूनही शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताई पाटील यांना पाठिंबा दिला आणि आघाडीचा पाठिंबा लाभलेले भैरोसिंह शेखावत यांची बाजू घेतली नाही. महाभियोगाचा ठराव मात्र सभागृहाच्या पटलावर येतो आणि तेथे पक्षशिस्तीचे नियम लागू होतात.

१९९३ : सिद्ध झालेले आरोप, फसलेला प्रस्ताव

पक्षशिस्त आणि न्यायनिवाडा यांची गाठ पडली की काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्या प्रकरणात दिसून आले. न्यायाधीशांना पदावरून दूर करण्याची प्रक्रिया राष्ट्रपतींवरील महाभियोगाहून वेगळी आहे. तेथे एकूण सदस्यसंख्येचे साधे बहुमत आणि मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मते पुरेशी ठरतात. तरीही अंतिम निर्णय खासदारांच्याच हाती असल्याने हे उदाहरण बोलके आहे.

पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असताना चंदिगड येथील शासकीय निवासस्थानावर अवाजवी खर्च केल्याचा ठपका रामस्वामी यांच्यावर होता. १०८ खासदारांच्या सह्यांची नोटीस लोकसभेचे तत्कालीन अध्यक्ष रबी राय यांनी मार्च १९९१ मध्ये दाखल करून घेतली आणि तिघांची चौकशी समिती नेमली. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत, मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती पी. डी. देसाई आणि निवृत्त न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी हे तिचे सदस्य होते. मुंबईत वकिली केलेल्या आणि मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या सावंत यांच्या या समितीने चौदापैकी अकरा आरोप सिद्ध झाल्याचा निष्कर्ष काढला.

मे १९९३ मध्ये हा विषय लोकसभेपुढे आला, तेव्हा अध्यक्षपदी लातूरचे शिवराज पाटील होते. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सोमनाथ चटर्जी यांनी प्रस्ताव मांडला. रामस्वामी यांच्या वतीने कपिल सिब्बल यांनी सभागृहापुढे दीर्घ युक्तिवाद केला. ११ मे रोजी मतमोजणी झाली, तेव्हा उपस्थित ४०१ सदस्यांपैकी १९६ जणांनी प्रस्तावाच्या बाजूने मत दिले होते. विरोधात एकही मत पडले नाही. सत्ताधारी काँग्रेस व तिचे सहकारी मिळून २०५ सदस्य तटस्थ राहिले आणि आवश्यक बहुमताअभावी प्रस्ताव बारगळला. रामस्वामी फेब्रुवारी १९९४ मध्ये निवृत्त होईपर्यंत न्यायमूर्तिपदावर राहिले.

आरोप खोटे आहेत, असे सभागृहाने म्हटले नाही. ते खरे आहेत, असेही म्हटले नाही. तीन न्यायाधीशांनी पुरावे तपासून दिलेला निष्कर्ष २०५ सदस्यांच्या मौनाने निष्प्रभ ठरला.

याच्या उलट उदाहरण कोलकाता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सौमित्र सेन यांचे. ऑगस्ट २०११ मध्ये राज्यसभेने त्यांच्याविरुद्धचा प्रस्ताव पक्षभेद बाजूला ठेवून मोठ्या बहुमताने संमत केला. लोकसभेत मतदान होण्यापूर्वीच सेन यांनी राजीनामा दिला. सत्तेचे हितसंबंध गुंतलेले नसतील, तर आपले खासदार पुराव्यावरून निर्णय घेऊ शकतात, हे त्यातून दिसले.

पक्षादेशाची अडचण

महाभियोगाच्या वेळी खासदार न्यायाधीशाच्या भूमिकेत असतो. पण राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातील पक्षांतरबंदीच्या तरतुदीत महाभियोगासाठी वेगळा अपवाद केलेला नाही. पक्षादेश मोडून मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. १९९२ च्या किहोटो होलोहान प्रकरणातील निकालात सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश सरकारच्या अस्तित्वाशी किंवा पक्षाच्या प्रमुख धोरणाशी निगडित मतदानापुरता मर्यादित असावा, असे मत व्यक्त केले होते. प्रत्यक्षात व्हीप सर्रास बजावले जातात. पुरावे ऐकून स्वतंत्र मत बनविणाऱ्या खासदाराला त्या मताची किंमत खासदारकी गमावून मोजावी लागण्याची भीती राहते.

अमेरिकेतील लोकप्रतिनिधींवर असे कायदेशीर बंधन नाही. तरीही तेथील इतिहास फार वेगळा नाही. १८६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन सिनेटमध्ये अवघ्या एका मताने बचावले. १९९९ मध्ये क्लिंटन यांच्याविरुद्ध डेमोक्रॅटिक पक्षाच्या एकाही सिनेट सदस्याने मत दिले नाही. २०२१ मध्ये ट्रम्प यांच्याविरुद्ध ५७ मते पडली. त्यांत त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे सात सदस्य होते. आवश्यक ६७ मतांचा आकडा मात्र गाठला गेला नाही. रिचर्ड निक्सन यांनी १९७४ मध्ये राजीनामा दिला तो स्वपक्षीय नेत्यांनीच सिनेटमध्ये आधार उरला नसल्याचे सांगितल्यानंतर.

दक्षिण कोरियाने निराळी वाट धरली आहे. तेथे संसद आरोप ठेवते, अंतिम निकाल मात्र घटनात्मक न्यायालय देते आणि संसदेतील मतदान गुप्त असते. राष्ट्राध्यक्ष यून सुक येओल यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लष्करी कायदा पुकारला. त्यांच्याविरुद्धचा पहिला प्रस्ताव सत्ताधारी सदस्यांच्या बहिष्कारामुळे ७ डिसेंबरला फसला. ही तऱ्हा १९९३ च्या लोकसभेची आठवण करून देणारी होती. आठवडाभराने मात्र ३०० पैकी २०४ मतांनी प्रस्ताव संमत झाला. विरोधकांचे संख्याबळ १९२ होते, म्हणजे किमान बारा सत्ताधारी सदस्यांनी आपल्या नेत्याविरुद्ध कौल दिला. ४ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने यून यांना पदच्युत केले.

आणीबाणीचा प्रसंग

भारतीय राष्ट्रपती हे अमेरिकी वा कोरियन राष्ट्राध्यक्षांप्रमाणे सरकारचे प्रमुख नसतात. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हे बंधन स्पष्ट शब्दांत घातले, तर ४४ व्या दुरुस्तीने सल्ला एकदा फेरविचारार्थ परत पाठविण्याची मुभा दिली. यामुळे महाभियोगाच्या बाबतीत एक विचित्र स्थिती निर्माण होते. राष्ट्रपतींना सल्ला देणारे सरकार आणि महाभियोगासाठी लागणारी मते, दोन्ही बहुतेक वेळा एकाच पक्षाकडे असतात.

२५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली, तेव्हा मंत्रिमंडळाची बैठक झालेली नव्हती. मंत्र्यांना हा निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळी सांगण्यात आला. राष्ट्रपतींच्या कृतीविषयी प्रश्न विचारण्याचा याहून गंभीर प्रसंग प्रजासत्ताकाच्या इतिहासात क्वचितच आला असेल. पण १९७१ च्या निवडणुकीत काँग्रेसला ३५२ जागा मिळाल्या होत्या आणि विरोधी पक्षांचे अनेक नेते तुरुंगात होते. महाभियोगाची चर्चाही शक्य नव्हती. त्रुटी दूर झाली ती १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविल्याखेरीज राष्ट्रपतींना आणीबाणी पुकारता येणार नाही, अशी अट त्या वेळी घालण्यात आली.

याचा अर्थ असा, की सरकारच्या साथीने घटना वाकविणाऱ्या राष्ट्रपतींना महाभियोगाचे भय फारसे नाही. ते असलेच तर सरकारशी मतभेद होणाऱ्या राष्ट्रपतींना आहे.

दोन्ही बाजूंचे युक्तिवाद

महाभियोगाची अट इतकी कठीण असू नये, असे मानणारे १९९३ कडे बोट दाखवितात. त्यांच्या मते सिद्ध झालेल्या आरोपांवरही कारवाई होणार नसेल, तर ही तरतूद केवळ कागदावरची ठरते. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितकेच वजनदार आहे. अट सैल केली, तर निवडणुकीत सत्ताबदल होताच आधीच्या सरकारने निवडून आणलेल्या राष्ट्रपतींना हटविण्याचा मोह नव्या बहुमताला होईल आणि पदाचे स्थैर्य नष्ट होईल.

या दुसऱ्या भीतीची चुणूक उपराष्ट्रपतिपदाच्या बाबतीत दिसली. डिसेंबर २०२४ मध्ये राज्यसभेतील विरोधी सदस्यांनी उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांना हटविण्यासाठी नोटीस दिली. सभापती या नात्याने ते पक्षपात करतात, असा विरोधकांचा आरोप होता. सत्ताधाऱ्यांनी तो घटनात्मक पदाचा अवमान ठरविला. उपसभापती हरिवंश यांनी १९ डिसेंबरला नोटीस फेटाळली आणि आरोपांच्या खरेखोटेपणावर मतदान झालेच नाही. धनखड यांनी पुढे जुलै २०२५ मध्ये प्रकृतीचे कारण देऊन राजीनामा दिला.

वाद केवळ दोन तृतीयांश या आकड्याभोवती फिरत राहिला, तर मूळ उणीव नजरेआड होईल. न्यायाधीशांच्या चौकशीसाठी १९६८ चा कायदा आहे. समितीत कोण असावे, आरोपपत्र कसे द्यावे, हे त्यात सांगितले आहे. राष्ट्रपतींसाठी असा कायदा संसदेने केलेला नाही. चौकशी कोणी करायची आणि साक्षीपुरावे कसे तपासायचे, हे ऐन प्रसंगी सभागृहातील बहुमतच ठरविणार. चौकशीची पद्धत आधी कायद्याने निश्चित करणे आणि महाभियोगावरील मतदान पक्षादेशातून वगळणे, या दोन्ही गोष्टी बहुमताची अट न बदलता करता येण्याजोग्या आहेत.

सावंत समितीचा निष्कर्ष मतदानात पराभूत झाला, तरी तो सार्वजनिक नोंदीत राहिला. खासदारांनी कोणता पुरावा समोर असताना मौन पाळले, हे त्यामुळेच नागरिकांना कळू शकले. राष्ट्रपतींच्या बाबतीत तशी नोंद मागे राहील, याची हमी आजच्या घडीला कोणताही कायदा देत नाही.