इलेक्ट्रॉनांची साक्ष

जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील काही संशोधकांनी जाहीर केले की, ‘एलके-९९’ हा त्यांनी तयार केलेला पदार्थ नेहमीच्या तपमानालाही अतिसंवाहक असतो, म्हणजे विजेच्या प्रवाहाला मुळीच रोध करीत नाही. चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या त्याच्या खड्याचे चित्रण जगभर गाजले. काही आठवड्यांतच अनेक प्रयोगशाळांनी, त्यांत दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळाही आली, हा दावा टिकत नसल्याचे दाखविले. रोधाची घसरण पदार्थात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडामुळे होत होती.

तात्पर्य, रोध एकाएकी उतरला एवढ्यावरून अतिसंवाहकता सिद्ध होत नाही. पदार्थातील इलेक्ट्रॉनांचीच साक्ष काढावी लागते. ती काढण्याचे शास्त्र म्हणजे वर्णपटविज्ञान.

लायडन येथे कॅमर्लिंग ओनेस यांना १९११ साली पाऱ्यात अतिसंवाहकता आढळली. तिची समाधानकारक मीमांसा मात्र बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी १९५७ मध्ये केली. त्यांच्या मते अतिसंवाहकातील इलेक्ट्रॉन जोडीने वावरतात आणि जोडी फोडण्यास ठरावीक किमान ऊर्जा लागते. साहजिकच इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांत एक रिकामे अंतराल पडते. अमेरिकेत यंत्र अभियंता इव्हार येव्हर यांनी १९६० साली ॲल्युमिनियम व शिसे यांच्या पातळ थरांमध्ये ऑक्साइडाचा अत्यंत तलम पडदा ठेवून ते द्रव हेलियमने थंड केले. दाब सुमारे एक सहस्रांश व्होल्टपर्यंत चढेतो पडद्यापलीकडे फारसा प्रवाह जाईना. पुढे तो झपाट्याने वाढला. अंतराल जणू मोजपट्टीने मोजले गेले! या कार्याबद्दल १९७३ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

तांब्याच्या ऑक्साइडांमध्ये १९८६ साली आढळलेल्या उच्च तपमानाच्या अतिसंवाहकतेने हे समाधान डळमळीत केले. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी प्रकाशाच्या आघाताने अशा पदार्थातून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा व दिशा मोजली. १९९३ मध्ये दिसले ते असे की, अंतराल सर्व दिशांना सारखे नसून काही दिशांना जवळजवळ नाहीसे होते. शिशाला लागू पडणारे चित्र येथे जसेच्या तसे चालणार नव्हते. या पदार्थांतील जोड्या कशाने जुळतात, याविषयी अद्याप एकमत नाही.

म्हणूनच पुढचा गाजावाजा कानी येईल तेव्हा शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी, तपमान किती, एवढेच विचारून थांबू नये. इलेक्ट्रॉनांनी काय साक्ष दिली आणि ती दुसऱ्या प्रयोगशाळेत पटली काय, हेही विचारावे. नवलाची वार्ता एका दिवसात पसरते. पुराव्याला मात्र वेळ द्यावाच लागतो.