फिश फाइंडरवर मोठा दिसणारा मासा खरंच मोठा असतो का?



बंदीचे दिवस संपत आले की दुकानात एक प्रश्न हमखास येतो. "भाऊ, ह्या मशीनवर माशाची साइज कळते ना?" विचारणारा पैसे घेऊन आलेला असतो, त्यामुळे काउंटरच्या आतल्या माणसाला पटकन "हो" म्हणायचा मोह होतो. खरं उत्तर मात्र "थोडीफार कळते, आणि ती पण अटी लागू" असं आहे. पडदा कसा दिसतो ते व्हिडिओत दाखवलंय. त्यामागचं गणित इथे लिहितोय, कारण ते सावकाश वाचायला लागतं.

हा विषय बिझनेसच्या चॅनलवर का? कारण नाखव्यासाठी जाळं टाकणं ही रोजची गुंतवणूक आहे. डिझेल, बर्फ, खलाशांची मेहनत आधी जाते, पैसा नंतर येतो, आला तर. त्यात २०२३ साली महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिलाय. म्हणजे बारका मासा भरून आणला तर भाव पडतो आणि कायद्याचाही प्रश्न येतो. जाळं पाण्यात जायच्या आधी खाली काय साइज आहे याचा अंदाज आला, तर तो पैशातच मोजता येतो.

आधी पडदा म्हणजे काय ते समजून घ्या

बोटीखाली बसवलेला ट्रान्सड्यूसर आवाजाचा एक ठोका खाली सोडतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. ११ वाव, म्हणजे जवळजवळ २० मीटर खोलीवरून तो परत यायला सेकंदाचा तिसावा भागसुद्धा लागत नाही. परत आलेल्या आवाजाची वेळ मोजून मशीन खोली सांगतं आणि आवाजाच्या जोरावरून रंग देतं. बहुतेक मशीनवर लाल म्हणजे जोरात, निळा म्हणजे हळू.

आता महत्त्वाचं. पडद्यावर समुद्राचा फोटो दिसतोय असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. "आत्ता"ची माहिती फक्त उजव्या कडेची एक उभी रेघ. तिच्या डावीकडचं सगळं होऊन गेलेलं आहे, बँकेच्या पासबुकासारखं. आडवी लांबी म्हणजे वेळ. मीटर नाही, सेंटीमीटर नाही, वेळ!

आवाज खाली जाताना शंकूसारखा पसरतो. मासा शंकूच्या कडेला असताना ट्रान्सड्यूसरपासून तिरका, म्हणून थोडा लांब. मधोमध आला की सगळ्यात जवळ. पलीकडून बाहेर जाताना पुन्हा लांब. म्हणून पडद्यावर कमान उमटते. कमान लांब आहे याचा अर्थ मासा शंकूत जास्त वेळ होता, एवढाच.

समजा, तुमच्या ट्रान्सड्यूसरचा ५० किलोहर्ट्झला कोन ४० अंश आहे. २० मीटर खोलीवर तो शंकू साडेचौदा मीटर रुंद असतो. बोट ४ नॉटने, म्हणजे सेकंदाला २ मीटर चालली तर स्थिर मासा शंकूत सात सेकंद राहील. तोच मासा ५ मीटर खोलीवर असता तर शंकू तिथे साडेतीन मीटरच्या आसपास, म्हणजे दोन सेकंदसुद्धा नाही. मासा तोच, पण खाली असताना कमान चौपट लांब. बोट २ नॉटवर आणलीत तर आणखी दुप्पट. आणि नांगर टाकून उभे असाल आणि एखादा बोटभर मासा खालीच घुटमळत असेल, तर पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टा! तो पट्टा बघून नवशिक्या माणसाला वाटतं खाली मगर आहे.

२०० किलोहर्ट्झला कोन बारीक असतो, १२ अंश धरा. २० मीटरवर शंकू जेमतेम ४ मीटर रुंद, आणि कडेचं अंतर आणि मधलं अंतर यात फरक फक्त ११ सेंटीमीटरचा. तिथे नीट कमान होतच नाही, ठिपका किंवा आडवी रेघ येते. म्हणून "कमान नाही म्हणजे मासा नाही" हेही चूक.

मग साइज कशात दिसते?

लांबी सोडा, जाडी आणि रंग बघा. मोठ्या माशावरून जास्त आवाज परत येतो. ढोबळ हिशोब असा: एकाच जातीचा मासा लांबीने दुप्पट झाला की परत येणारा आवाज सुमारे चौपट होतो. जोरदार आवाजाची कमान जाड होते आणि मध्ये लाल-पिवळी पडते. मोठा मासा शंकूच्या कडेलाही पकडला जातो म्हणून त्याची कमान थोडी लांबतेसुद्धा, पण वेग आणि खोलीच्या घोळापुढे तो फरक टिकत नाही.

पण इथे खरी गोम आहे. आवाज परत येतो तो मुख्यतः माशाच्या मांसावरून नाही, तर पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. मांस जवळपास पाण्यासारखंच, आवाज त्यातून पार जातो. हवा आली की तो उलटतो. घोळ माशाची ती पिशवी बाजारात कशी सोन्याच्या भावाने जाते ते आपल्या किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत आहे. पडद्यावर लाल दिसते तीही तीच पिशवी! मुशीला ती पिशवीच नसते. माकूल तर मासाच नाही, त्यालाही नाही. पिशवी नसलेल्या माशाचा आवाज पिशवीवाल्यापेक्षा दहापट हळू धरला, तर पिशवी नसलेला मासा लांबीने तिप्पट असूनही पडद्यावर दोघे सारखेच दिसतील. म्हणजे फूटभर ढोमा आणि तीन फुटी मुशी, पडद्यावर जुळे भाऊ.

त्यामुळे जात माहीत नसेल तर साइज सांगता येत नाही. आणि जात मशीन सांगत नाही, ती तांडेल सांगतो: कुठला महिना, उधाण की भांग, तळ चिखलाचा की खडकाचा, मासा वर की तळाला. माझ्या मते तीस वर्षं दर्यात काढलेल्या तांडेलाच्या डोक्यातला डेटा कुठल्याही मशीनपेक्षा महाग आहे. फक्त तो पगारपत्रकात दिसत नाही.

अजून एक अडचण म्हणजे थवा. आवाजाचा एक ठोका हजारांश सेकंद चालला तर पाण्यात त्याची लांबी दीड मीटर होते, आणि एकाखाली एक पाऊण मीटरपेक्षा जवळ असलेले दोन मासे वेगळे दिसतच नाहीत. मग दाट तारलीचा गोळा एखाद्या राक्षसासारखा लाल दिसतो. गोळा बघून माल किती आहे याचा अंदाज करा, एकेका माशाची साइज काढायला जाऊ नका. साइज बघायची तर थव्याच्या कडेला सुटे फिरणारे मासे बघा. रात्री थवे बऱ्याचदा पांगतात, तेव्हा सुटे ठिपके जास्त मिळतात. चर्प मशीनमध्ये एकाच फ्रिक्वेन्सीऐवजी आवाज खालून वर सरकवत सोडतात, त्यामुळे जवळजवळचे मासे जास्त सुटे दिसतात. जादाचे पैसे द्यायचेच असतील तर मी यासाठी द्या म्हणेन.

लहान-मोठ्या माशांची चित्रं दाखवणाऱ्या सेटिंगसाठी मात्र देऊ नका. मशीन परत आलेल्या आवाजाच्या जोरावर चित्र चिकटवतं. बुडबुडे, तरंगणारं शेवाळ, जेलीफिश, कशावरही "मोठा मासा" बसू शकतो. ते बंद करून कच्ची कमान बघा. फुरुनोच्या काही मशीनमध्ये ॲक्यु-फिश नावाची सोय आहे, ती माशाची लांबी सेंटीमीटरमध्ये आकड्याने देते. ती गंभीर गोष्ट आहे, पण तिला ठराविक ट्रान्सड्यूसर लागतो, आणि आकडा अंदाजाचाच असतो. मासा तोंड खाली करून पोहत असला तरी आवाज कमी होतो, मग आकडाही घसरतो.

वहीत काय लिहायचं

गेन ऑटोवर ठेवला तर मशीन स्वतःच आवाज वाढवतं-घटवतं, मग कालचा लाल आणि आजचा लाल यांची तुलनाच होत नाही. म्हणून गेन हाताने लावा: पडद्यावर बारीक कचरा दिसेपर्यंत वाढवा, मग कचरा जाईल इतकाच कमी करा. रेंजही हाताने, खोलीपेक्षा थोडी जास्त. फ्रिक्वेन्सी ठरवून टाका. शोधताना वेग एकच ठेवा.

नंतर प्रत्येक वेळी जाळं टाकायच्या आधी मोबाइलवर पडद्याचा फोटो काढा. जाळं वर आलं की त्याच फोटोखाली लिहा: खोली किती वाव, गेन किती, वेग किती, काय जात निघाली, आणि त्यातल्या दहा माशांची मोजलेली लांबी. टेप नसेल तर टोपलीच्या काठावर सेंटीमीटरच्या खुणा करा, काम भागतं. एकाच जातीचे, एकाच खोलीतले वीस-पंचवीस फोटो जमले की तुमच्या मशीनवर, तुमच्या बोटीखाली, वीतभर मासा कसा दिसतो आणि हातभर कसा, हे डोळ्याला कळायला लागतं. शास्त्रज्ञसुद्धा आपल्या सोनारखाली टंगस्टन कार्बाइडचा मापाचा गोळा सोडून आधी मशीन तपासतात, मगच मासा मोजतात. आपला गोळा म्हणजे टोपलीतला मासा.

खलाशी सुरुवातीला हसतील. लिहायचं काम एकाच माणसाकडे द्या, सगळ्यांचं म्हटलं की कुणाचंच होत नाही.

वेगात असताना पडदा पांढराशुभ्र होत असेल किंवा रेघा तुटत असतील तर गेनशी खेळत बसू नका. तिथे दोष बहुधा ट्रान्सड्यूसरच्या जागेचा असतो, खालून बुडबुडे जात असतात. तो कुठे आणि किती तिरका बसवायचा, त्यावर पुढचा व्हिडिओ करतोय. आउटबोर्डवाले असाल तर बोटीच्या मागच्या फळीचा फोटो तयार ठेवा.