एक पातं मोडलं तरी दोन घ्या

आषाढ वद्य एकादशीला नरसी नामदेवची परतवारी करून परतणाऱ्या एखाद्या पोराच्या हातात रिमोटचं हेलिकॉप्टर दिसतं. कयाधू नदीच्या काठी ते दोनदा उडतं, तिसऱ्यांदा बाभळीत अडकतं आणि पातं तडकतं. मग घरातली चिकटपट्टी निघते. खेळण्यापुरतं हे खपून जातं. हौशी मंडळींच्या मोठ्या मॉडेलला असं ठिगळ लावणं म्हणजे खेळ नव्हे.

हिशेब करून बघा. सव्वातीनशे मिलिमीटर लांबीचं, जेमतेम 30 ग्रॅमचं पातं मिनिटाला 2800 फेऱ्या घेतं, तेव्हा त्याची मुळाशी बसणारी ओढ सुमारे 50 किलो वजनाइतकी असते. हळदीचं अर्ध्या क्विंटलचं पोतं एका बोल्टला टांगावं, तशी. दोन पात्यांत 1 ग्रॅमचा फरक पडला, तर पाती फिरवणाऱ्या दांड्याला दीड किलोचा हिसका सेकंदाला 47 वेळा बसतो. बेअरिंगं खिळखिळी होतात, शेपटी थरथरते. म्हणून पाती जोडीनंच बदलायची, आणि नवी जोडीही तोलून घ्यायची. गंमत म्हणजे चिकटपट्टी इथंही लागते: हलक्या पात्याच्या टोकाला तिचा तुकडा लावून तोल साधतात.

काही भाग तर मोडण्यासाठीच असतात म्हणा ना. आपटल्यावर प्लॅस्टिकच्या मोठ्या गिअरचे दात झडतात, दांडा वाकतो. धक्का तिथंच जिरतो आणि महागडी मोटर वाचते. दांड्याचा बाक डोळ्याला दिसत नाही, म्हणून तो काचेवर लोळवून बघतात.

शेपटीच्या पंख्याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष नसतं. मुख्य पाती एका दिशेला फिरली की धड उलटं फिरू बघतं; ते हा पंखा अडवतो. त्याचा वेग मुख्य पात्यांच्या चौपट-पाचपट. यवतमाळ जिल्ह्यात, फुलसावंगीला, ऑगस्ट 2021 मध्ये एका 24 वर्षांच्या वेल्डरनं स्वतः बनवलेलं, माणूस बसेल असं हेलिकॉप्टर जमिनीवरच चालू करून पाहिलं. शेपटीचं पातं तुटून मुख्य पात्यावर आदळलं आणि ते मुख्य पातं त्याच्या डोक्याला लागलं. तो वाचला नाही. त्याच्या हातातली कला खोटी नव्हती. पण मोटारीचं इंजिन गॅरेजात मिळतं; तपासून, तोलून दिलेली पाती गावात कोण विकणार?

जत्रेतल्या खेळण्याच्या खोक्यात बऱ्याचदा शेपटीचं एक जादा पातं येतं. इवलंसं असतं. पहिल्याच दिवशी केरात जातं.