डुकराच्या ऊतींतील कर्बोदक प्रतिजने व परजातीय अवयवरोपण

सुरत जिल्ह्यातील चलथाण हे साखर कारखान्याचे गाव. तेथील विद्यार्थ्याला साखर म्हटली की ऊसच आठवणार. परंतु प्राण्यांच्या पेशींच्या पृष्ठभागावरही निरनिराळ्या शर्करांच्या लहान साखळ्या असतात आणि परका अवयव शरीर स्वीकारील की नाकारील, हे बऱ्याच अंशी त्यांवर अवलंबून असते.

याचे मुंबईतील उदाहरण वर्गात अवश्य द्यावे. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे रक्तगट’ नोंदविला. या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ प्रतिजन नसते, कारण फ्यूकोज ही शर्करा जोडणारे विकर त्यांच्यात निष्क्रिय असते. त्यामुळे सर्वांना चालते असे मानलेले ‘ओ’ गटाचे रक्तही त्यांना घातक ठरते. फरक एका शर्करेचा, पण जिवावर बेतणारा!

माणूस व डुक्कर यांच्यातही असाच फरक आहे. डुकराच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर ‘अल्फा-गॅल’ हे प्रतिजन विपुल असते. त्याची रचना ‘बी’ रक्तगटाच्या प्रतिजनासारखीच, फक्त त्यात फ्यूकोज नाही. माणसात ते तयार करणारे जनुक उत्क्रांतीच्या ओघात निकामी झाले. आतड्यातील जीवाणूंवर मात्र तशा शर्करा असल्याने त्यांविरुद्धची प्रतिपिंडे माणसाच्या रक्तात लहानपणापासूनच सज्ज असतात. डुकराचा अवयव जोडताच ती अस्तराला चिकटतात, पूरक प्रथिने त्यावर तुटून पडतात, रक्त गोठते आणि काही मिनिटांत वा तासांत अवयव निकामी होतो. 1997 मध्ये आसामातील सोनापूर येथे डॉ. धनीराम बरुआ यांनी डुकराचे हृदय माणसात बसविले, तेव्हा अल्फा-गॅलविरहित डुक्कर जगात कोठेच नव्हते. रुग्ण दगावला, डॉक्टरांना अटक झाली.

हे जनुक काढलेली डुकरे 2002 पासून जन्मास आली. पुढे आणखी दोन शर्करा-प्रतिजनांचा अडथळा उघड झाला. 7 जानेवारी 2022 रोजी अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात डेव्हिड बेनेट यांना बसविलेल्या हृदयात तिन्हींची जनुके बंद केलेली होती. या संशोधनाची धुरा कराचीत शिकलेल्या डॉ. मुहम्मद मोहिउद्दीन यांच्याकडे होती. ते हृदय तत्काळ नाकारले गेले नाही. रुग्ण दोन महिने जगला.

डुकराचा विषय निघाला की मुस्लिम विद्यार्थी हलाल-हरामचा प्रश्न विचारणारच, आणि शिक्षकाने तो टाळू नये. जीव वाचविण्यास अन्य उपाय नसेल तर फिक्हमध्ये ‘जरूरत’ या तत्त्वाचा विचार होतो; निर्णय उलेमांचा. मात्र अल्फा-गॅल ही काही डुकराचीच खूण नव्हे. गाय, शेळी, मेंढी यांच्या ऊतींतही ते असते. डुकराची निवड होते ती अवयवांचा माणसाशी जुळणारा आकार, जलद वाढ व मोठी वीण यांमुळे.