शहरात बिऱ्हाड हलवताना वस्तीबरोबर इमारतही पाहा

मुदखेड हे रेल्वेचे जंक्शन आहे, आणि या जंक्शनाने आपल्या भागातील कारागिराला दोन मोठ्या शहरांची वाट दाखवली. एका दिशेची गाडी नांदेड-मनमाडवरून मुंबईला जाते, तर दुसऱ्या दिशेची निजामाबादवरून सिकंदराबाद-हैदराबादला. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे सोयरीक, व्यापार आणि बोलीभाषा या तिन्ही नात्यांनी हैदराबाद आपल्याला परके वाटत नाही. मुंबई दूर असली तरी तिथे हाताला काम मिळते, ही ख्याती जुनी आहे.

त्यामुळे सुतार, शिंपी, वेल्डर, गॅरेज मिस्त्री, रंगारी आणि फळ-फुलांचे छोटे व्यापारी अशा आपल्या बांधवांपैकी कोणी ना कोणी दरवर्षी शहराकडे निघतो. सुरुवातीला तो एकटा जातो, जम बसला की बायकामुलांना नेतो. धंद्याचा हिशोब तो नीट करतो. गाळ्याचे भाडे किती, माल कुठून आणायचा, गिऱ्हाईक कोण, हे सगळे तो विचारतो. राहण्याच्या जागेचा प्रश्न आला की मात्र चौकशी एका वाक्यात संपते : "तिथे आपली माणसे आहेत ना, मग झाले."

आमचे म्हणणे एवढेच की, तेवढ्याने झाले नाही.

आपल्या माणसांचा आधार

हे वाक्य चुकीचे आहे, असे आम्ही म्हणत नाही. नवख्या माणसाला शहरात पहिली उधारी ओळखीच्या वस्तीतच मिळते. काम शिकलेला पोऱ्या तिथेच सापडतो. मशीद जवळ असते, मुलांना उर्दू शाळा मिळते, आजारपणात शेजारीण धावून येते. घराआधी शेजारी पाहावा, असे आपले वडीलधारे सांगत आले, ते उगीच नाही.

त्यामागे भीतीही आहे, आणि ती खोटी नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत ज्या दंगली झाल्या, त्यांत ९०० माणसे मेल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. त्यांपैकी ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. त्यानंतर मुंबईच्या अनेक भागांतून मुस्लिम कुटुंबे उठली आणि मुंब्र्यासारख्या ठिकाणी जाऊन राहिली. शिवाय कित्येक सोसायट्यांत नाव सांगताच "जागा गेली" असे उत्तर मिळते, हा अनुभव आपल्या वाचकांना नवा नाही. म्हणजे वस्तीची निवड पुष्कळदा आपण करत नाही, ती आपल्यासाठी आधीच झालेली असते.

पण वस्ती निवडता आली नाही, तरी त्या वस्तीतली गल्ली, इमारत, मजला आणि कागद हे निवडणे आपल्या हातात असते. वस्तीची निवड जेवढी अरुंद, तेवढी इमारतीची तपासणी कडक हवी. होते मात्र उलटे. आपल्या माणसांत आलो म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि भिंतीकडे पाहतही नाही.

शीळफाट्याची इमारत

मुंब्र्याजवळ शीळफाटा येथे ४ एप्रिल २०१३ रोजी लकी कंपाउंडमधील एक सात मजली इमारत कोसळली. आठव्या मजल्याचे काम चालू होते. जमीन वनखात्याची होती, बांधकामाला परवानगी नव्हती आणि एवढे मजले अवघ्या काही महिन्यांत चढवले होते. काम पूर्ण होण्याआधीच खालच्या मजल्यांवर बिऱ्हाडे आली होती. ७४ जीव गेले.

अपुऱ्या इमारतीत आधी माणसे भरण्यामागे बिल्डरचा हिशोब असतो. आत कुटुंबे राहायला आली की पालिकेला इमारत पाडणे अवघड जाते. म्हणजे स्वस्त भाड्यात राहणारा गरीब माणूस त्या बेकायदा इमारतीची ढाल बनतो. दोन हजारांचे घर हजारात मिळत असेल, तर उरलेले हजार कोण सोसतो आहे, हे विचारून घ्यावे.

जुनी इमारतही तेवढीच धोक्याची असू शकते. मुंबईत भेंडीबाजार परिसरातील हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोसळून ३३ जण दगावले. ही मुंबईची भरवस्ती, आपल्या माणसांचीच. दक्षिण मुंबईतील जुन्या उपकरप्राप्त इमारतींपैकी अतिधोकादायक कोणत्या, याची यादी म्हाडा दरवर्षी पावसाळ्यापूर्वी जाहीर करते. पागडीची खोली घेण्याआधी त्या यादीत इमारतीचे नाव आहे का, एवढे पाहायला पैसा लागत नाही.

आपल्या मराठवाड्याला हा धडा परका नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, ती बहुतांशी आपल्याच घराच्या दगड-मातीच्या भिंतींखाली.

पाणी कुठून येते, कुठे जाते

दुसरी तपासणी पाण्याची. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीच्या काठच्या कुर्ला, कालिना या भागांत तळमजल्यावरचे संसार आणि कारखान्यातला माल पाण्याखाली गेला. शिंप्याची मशीन, सुताराची प्लायवूड, कापडाचे तागे या वस्तू एकदा भिजल्या की भांडवलच गेले.

हैदराबादेत तर पाण्याचा इतिहास जुना आहे. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने शहर उद्ध्वस्त केले, म्हणून पुढे निजामाने उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव बांधले. त्या शहरात लहान-मोठे तलाव खूप होते. कालांतराने ते बुजवून त्यांवर कॉलन्या उभ्या राहिल्या. ऑक्टोबर २०२० च्या पावसात फलकनुमाजवळील अल-जुबैल कॉलनी पाण्यात बुडाली, आणि गुर्रम चेरुवु तलावाचा बांध फुटून हाफिज बाबानगरच्या गल्ल्यांत पाणी शिरले. या वस्त्या आपल्याच लोकांच्या आहेत, पण पाण्याने ते पाहिले नाही.

हैदराबादेत जागा पाहणाऱ्या आमच्या वाचकांनी एक खूण ध्यानात ठेवावी. तेलुगूत 'चेरुवु' म्हणजे तलाव आणि 'कुंटा' म्हणजे लहान तळे. कॉलनीच्या नावात किंवा शेजारच्या नावात हे शब्द दिसले, की जमीन तलावाच्या पूर्ण पाणीपातळीच्या आत आहे का, याची चौकशी करावी. हे दुहेरी संकट आहे. पावसाळ्यात पाणी येते आणि इतर वेळी सरकारची नोटीस. तलावांवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी तेलंगणा सरकारने २०२४ मध्ये 'हायड्रा' नावाची स्वतंत्र यंत्रणा उभी केली, आणि तिने पाडापाडीही सुरू केली.

राहते घर आणि कारखाना

आपल्या कारागिराची मोठी सवय म्हणजे जिथे काम, तिथेच झोप. भाडे वाचते आणि मालाची राखणही होते. पण दिल्लीच्या अनाज मंडीत ८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे बॅगा बनवणाऱ्या एका इमारतीला आग लागली आणि तिथेच झोपलेल्यांपैकी ४३ कामगार मेले. बहुतेक जण जळून नव्हे, तर धुराने गुदमरून गेले. परगावाहून पोटासाठी आलेली ही माणसे होती.

रेक्झिन, फोम, थिनर, पॉलिश, कापूस या मालाबरोबर एका खोलीत झोपू नये. ते टाळता येत नसेल, तर निदान बाहेर पडायला दुसरी वाट असावी, खिडकीला कायमचे गज नसावेत आणि रात्री बाहेरून कुलूप कोणी लावू नये. बायकामुलांचे घर तर कारखान्याच्या माथ्यावर मुळीच नको. दुकान भरबाजारात असावे, घर मोकळ्या गल्लीत असावे, मग रोज अर्धा तास चालावे लागले तरी चालेल. ज्या गल्लीत आगीचा बंब किंवा रुग्णवाहिका शिरू शकत नाही, ती गल्ली कितीही ओळखीची असली तरी बिऱ्हाडाला योग्य नाही.

शांतता कशी ओळखावी

आता भीतीच्या प्रश्नाकडे येऊ. दंगलीत कोणती वस्ती वाचते? फक्त आपल्या लोकांची वस्ती म्हणजे सुरक्षित, असा समज आहे. भिवंडीचे उदाहरण याहून वेगळे सांगते. मागांच्या या गावात १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या होत्या. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या स्थापन केल्या. त्यांत दोन्ही समाजांची साधी माणसे आणि पोलीस नियमित एकत्र बसत. नळाचे भांडण असो की मिरवणुकीचा रस्ता, तिथेच बोलणे होई. पुढे १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

यावरून आम्ही असे समजतो की, वस्तीत कोण राहतो यापेक्षा वस्तीतली माणसे एकमेकांशी बोलतात का, हे महत्त्वाचे. नवीन जागी गेल्यावर पाहावे : बाजारात दोन्ही समाजांची दुकाने शेजारी-शेजारी आहेत का? व्यापारी संघात सगळे आहेत का? पोलीस ठाण्यात गेल्यावर गाऱ्हाणे ऐकून घेतात का? मोहल्ला कमिटी नावापुरती आहे की बसते? चहाच्या टपरीवर तासभर बसले तरी यातले बरेचसे कळते. धंद्याच्या दृष्टीनेही हेच हिताचे आहे. ज्याचे गिऱ्हाईक एकाच गल्लीतले, त्याची कमाईही त्या गल्लीएवढीच.

कागद पक्का असावा

महाराष्ट्रात भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम ५५ सांगते. अकरा महिन्यांचा करार असला तरी नोंदणी टळत नाही, आणि ती करून देण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर विरुद्ध पुरावा येईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. तरीही त्या भरवशावर राहू नये. कित्येक घरमालक टाळाटाळ करतात. त्यांना नम्रपणे सांगावे की नोंदणीचा खर्च आपण वाटून घेऊ, पण कागद हवा. डिपॉझिटची रक्कम करारात लिहून घ्यावी आणि शक्यतो बँकेतून द्यावी. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचा नियम असेल, तिथे ती वेळेवर द्यावी व पोच जपून ठेवावी. परगावच्या माणसाला ती कधी ना कधी उपयोगी पडते.

विकत घेणाऱ्याने आणखी सावध राहावे. वीजबिल म्हणजे मालकी नव्हे. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे, कारण बेकायदा बांधकामावरही कर बसतो. नोटरीच्या कागदावर झालेली विक्री तर मुळीच मालकी देत नाही, आणि हैदराबादच्या जुन्या शहरात असे व्यवहार पुष्कळ आहेत. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र हे तीन कागद मागावेत. नवीन प्रकल्प असेल तर रेराचा नोंदणी क्रमांक विचारावा. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या लहान प्रकल्पांना ही नोंदणी सक्तीची नाही, म्हणून तिथे पालिकेची परवानगी स्वतः जाऊन पाहावी.

जाण्यापूर्वी

आमची सूचना अशी की, पहिले वर्ष भाड्याने राहावे आणि गावाकडचे घर-दुकान लगेच मोडू नये. जागा निदान दोनदा पाहावी, एकदा दिवसा आणि एकदा रात्री दहानंतर. पाऊस पडून गेल्यावर पाहिली तर उत्तम, कारण भिंतीवरची ओल आणि पाण्याची खूण दलाल सांगत नाही, भिंत सांगते. सौदा ठरण्याआधी घरातल्या बाईला जागा दाखवावी. पाणी किती वाजता येते, मुलगी शाळेतून एकटी परत येऊ शकते का, संडास कुठे आहे, हे प्रश्न तिला आधी सुचतात. दिवसभर त्या घरात वावरणारही तीच असते.

आपल्या गावचे जे लोक आधी शहरात गेले, त्यांच्यावरही एक जबाबदारी आहे. नवीन येणाऱ्याला "ये, जागा आहे" एवढेच सांगू नका. त्या इमारतीचा कागद काय आहे, मागच्या पावसाळ्यात पाणी कुठवर आले, जिन्याच्या खांबाला तडा आहे का, हेही सांगा. आपल्या माणसांचा खरा आधार तो. धंद्यात बुडालेला पैसा मेहनतीने पुन्हा उभा राहतो, पण छत कोसळले तर मेहनत करणारे हातच उरत नाहीत.